पुरुषांचे दुखणे आणि मरणाचा नकाशा

आमच्या वस्तीत एक काका होते. गिरणीत साचेखात्यात तीस वर्षे काढलेली. गिरणी बंद पडल्यावर एका इमारतीवर रखवालदारी केली. दर पौर्णिमेला विहारात सर्वांच्या आधी हजर, चटया घालायला आणि शेवटी त्या गुंडाळायलाही. दोनेक वर्षे ते रात्री चार-चार वेळा लघवीला उठत. चाळीतला संडास गॅलरीच्या टोकाला, त्यामुळे शेजाऱ्यांनाही ते ठाऊक होते. पण बोलले कोणी नाही. "वय झाले," एवढेच ते स्वतः म्हणत. मग कंबर धरली. उभे राहून साचे चालविणाऱ्याची कंबर दुखायचीच, असे घरच्यांना वाटले. बाम झाला, मालीश झाले, औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या. अखेर मुलीने हट्टाने मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत उतरलेला होता. आठ महिन्यांत काका गेले. घरीच गेले. ज्या डॉक्टरांनी कागद लिहून दिला त्यांनी मृत्यूचे कारण लिहिले : हृदयक्रिया बंद पडून.

मरताना हृदय सर्वांचेच बंद पडते. काकांचे मरण ज्या आजाराचे होते त्या आजाराच्या खात्यात मात्र ते जमा झालेच नाही. आज या सदरात आम्ही या न मोजलेल्या मरणांबद्दल बोलणार आहोत. कुटुंबाच्या पानावर स्त्रियांच्या आजारांविषयी आपण बरेच वाचतो, आणि ते वाचलेच पाहिजे. आज मात्र माताभगिनींनी हे पान आपल्या वडिलांपुढे, सासऱ्यांपुढे, पतीपुढे ठेवावे अशी आमची विनंती आहे.

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. ती फक्त पुरुषांना असते. लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ती बसलेली असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, वय वाढते तशी बहुतेकांची ती वाढते आणि नळीवर दाब येतो. त्यामुळे धार बारीक होते, थांबत थांबत होते, रात्री उठावे लागते. ही वाढ बहुधा साधी असते, कर्करोग नसते. पण कर्करोगही याच ग्रंथीत होतो, तोही पन्नाशी-साठीनंतर, आणि सुरुवातीला त्याची काहीच खूण दिसत नाही. बाहेरून दोन्हींतला फरक रोग्याला कळत नाही. तो डॉक्टरच सांगू शकतात. हा रोग पसरतो तो मुख्यतः हाडांत, म्हणजे कंबर, पाठ, मांडी येथे. आयुष्यभर ओझी वाहिलेल्या माणसाला कंबरदुखीत नवीन काही वाटत नाही, आणि तेथेच घात होतो.

आता आकडे पाहू. २०२२ साली जगात सुमारे १४ लाख ६७ हजार पुरुषांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ३ लाख ९७ हजार त्याने दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पण हे मरण सगळीकडे सारखे नाही. रोगाची नोंद सर्वांत जास्त होते ती उत्तर युरोप, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका येथे. मृत्यूचा दर मात्र सर्वांत जास्त आहे तो वेस्ट इंडिजच्या बेटांवर आणि सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. आपल्या भारताचा दर या सर्वांहून पुष्कळ कमी आहे.

मग आपण निश्चिंत व्हावे काय? थोडे थांबा. त्याच २०२२ साली भारतात सुमारे ३८ हजार नवे रोगी आणि सुमारे १८ हजार मृत्यू, असा अंदाज आहे. म्हणजे दोन नव्या रोग्यांमागे जवळजवळ एक मृत्यू. अमेरिकेत २०२४ साठीचा अंदाज सुमारे ३ लाख नव्या रोग्यांचा आणि ३५ हजार मृत्यूंचा होता. म्हणजे आठ-नऊ रोग्यांमागे एक. त्या वर्षी सापडलेले आणि त्या वर्षी गेलेले हे तेच लोक नव्हेत. शिवाय अमेरिकेत रक्ततपासणीमुळे असेही पुष्कळ रोगी सापडतात की ज्यांना हा रोग कधीच त्रास देणार नव्हता. हे दोन्ही ध्यानात धरले तरी फरक उरतोच. आपल्याकडे रोग कमी आहे हे खरे, पण ज्याला होतो त्याला तो उशिरा कळतो.

आता आम्ही वाचकांना अमेरिकेत नेणार आहोत, आणि त्याला कारण आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. त्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न किती जवळचा आहे हे त्या पत्रात आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. पुढे १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली ती तेथील ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊनच. तेव्हा त्या बांधवांचे दुखणे आपल्याला परके नाही.

त्यांच्यातला एक मोठा नेता स्टोकली कारमायकेल. १९६६ साली 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा देशभर दुमदुमवली ती यांनी. जन्म त्रिनिदादचा, चळवळ अमेरिकेतली, अखेरची वर्षे आफ्रिकेतील गिनी देशात. १९९८ साली ते वारले, वय अवघे ५७, आणि कारण होते प्रोस्टेटचा कर्करोग. वेस्ट इंडिज, कृष्णवर्णीय अमेरिका, पश्चिम आफ्रिका. मरणाच्या नकाशावर ज्या तीन जागा गडद आहेत, त्या तिन्ही या एका माणसाच्या आयुष्यात होत्या.

नकाशा हा शब्द आम्ही उगीच वापरलेला नाही. १९७५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने एक नकाशासंग्रह छापला. देशातील प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या भागात, १९५० ते १९६९ या काळात कोणत्या कर्करोगाने किती लोक मेले, ते त्यात रंगांनी दाखविले होते. असा हिशेब करताना वयाचा फरक काढून टाकावा लागतो. एका गावात म्हातारे जास्त आणि दुसऱ्या गावात तरुण जास्त, तर पहिल्या गावात मरणे जास्त दिसणारच. त्यात रोगाचा दोष नाही. म्हणून दोन्ही गावांत वयाचे प्रमाण सारखे धरून दर काढतात. तसे केल्यावरही जेथे रंग गडद राहतो, तेथे काहीतरी विचारण्यासारखे आहे. त्या नकाशांमुळे जहाज बांधणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगामागे अॅस्बेस्टॉस असल्याचा माग लागला. म्हणजे नकाशा पाहून कामगाराचा वैरी सापडला.

प्रोस्टेटच्या नकाशाने असा एखादा कारखाना दाखविला नाही. गोऱ्यांमध्ये वायव्येकडच्या, दूरदूर वस्ती असलेल्या राज्यांत मरणे जास्त दिसली. कृष्णवर्णीयांमध्ये ती आग्नेयेच्या अटलांटिक किनाऱ्याकडील राज्यांत जास्त दिसली, म्हणजे जेथे त्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीत शेते कसली तेथे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कृष्णवर्णीयांचा मृत्युदर गोऱ्यांच्या दुपटीच्या आसपास. तो आजही तसाच आहे.

मधल्या काळात दर बदलले नाहीत असे नाही. पीएसए नावाची रक्ततपासणी आली. १९८६ साली तिला उपचार चालू असलेल्या रोग्यांसाठी परवानगी मिळाली, पण लवकरच ती धडधाकट पुरुषांचीही होऊ लागली. १९९२ पर्यंत रोग्यांची संख्या एकदम वर गेली, कारण दडलेला रोग दिसू लागला. १९९३ नंतर मृत्युदर उतरू लागला आणि वीस वर्षांत जवळजवळ निम्मा झाला. त्यात लवकर निदानाचाही वाटा आहे आणि सुधारलेल्या उपचारांचाही. गोऱ्यांचाही दर उतरला, काळ्यांचाही उतरला. पण दोघांमधले अंतर मिटले नाही. पाणी ओसरले तरी ज्याचे घर खोलगट भागात आहे, त्याच्या घरात ते उरतेच.

हे अंतर का? काही भाग जन्मजात आहे. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा धोका वाढविणारी काही जनुके अधिक आढळतात, हे शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. पण रोग जास्त होणे ही एक गोष्ट, आणि झाल्यावर मरणे ही दुसरी. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी दवाखाने आहेत. तेथे गोरा असो वा काळा, दार एकच आणि उपचार तोच. तेथे उपचार घेतलेल्या सुमारे ६० हजार प्रोस्टेट-रोग्यांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. दहा वर्षांत या रोगाने मेलेल्यांचे प्रमाण दोन्ही वर्णांत शेकडा चार-पाचच्या घरात होते, आणि कृष्णवर्णीयांचे जास्त नव्हते. काळ्यांचे रक्त तेच होते, वंश तोच होता. बदलले होते ते दवाखान्याचे दार.

म्हणून आमचे म्हणणे असे की, मरणाच्या नकाशावरचा गडद रंग हे नशीब नव्हे आणि केवळ रक्तही नव्हे. दार कोणाला किती लवकर उघडते, याचाच तो पुष्कळसा रंग असतो. पूर्वजन्मीचे पाप म्हणून दुःख सोसायला आपल्या पूर्वजांना शिकविले गेले होते. १९५६ साली आपण ते सोडले. मग आजाराच्या बाबतीत तरी "नशिबात होते" असे का म्हणावे?

दार उघडे असूनही माणूस आत जात नाही, त्यालाही कारणे असतात. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना गर्मीच्या रोगावर उपचार न देता नुसते निरीक्षणाखाली ठेवले. औषध निघाले होते तरी दिले नाही. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याची माफी मागितली. ज्या समाजाला असा अनुभव आला तो डॉक्टरकडे जाताना दहादा विचार करणारच. आपल्याकडेही केसपेपरच्या खिडकीवर आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदलतो, हे अनेकांनी अनुभवले आहे. तो अपमान खरा आहे. पण त्या अपमानापायी आपण घरी बसलो, तर किंमत आपल्यालाच मोजावी लागते.

दुसरे कारण लाज. लॉइड ऑस्टिन हे अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय संरक्षणमंत्री. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्यावर प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०२४ मध्ये त्रास वाढून ते पुन्हा दवाखान्यात गेले, तरी राष्ट्राध्यक्षांनाही काही दिवस त्याचा पत्ता नव्हता. टीका झाल्यावर त्यांनी आपली चूक कबूल केली. एवढ्या मोठ्या फौजेचा कारभार पाहणाऱ्याला जे सांगायला जड गेले, ते आपल्या काकांना सोपे कसे जावे? याउलट गायक हॅरी बेलाफोंटे यांनी १९९६ साली शस्त्रक्रिया झाल्यावर ते उघडपणे सांगितले आणि इतरांना तपासणीचा आग्रह धरला. तेथे केशकर्तनालयांतही आता या विषयावर बोलले जाते. जेथे पुरुष जमतात आणि मोकळे बोलतात, तेथेच आरोग्याची गोष्ट पोचवायची, हा त्यामागील विचार. आपल्याकडे तर विहार आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे मोजणी होते काय? होते. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली, ती देशातील पहिली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची १९८७ साली, ती ग्रामीण भागातील पहिली. या नोंदींत मुंबई, दिल्ली, पुणे अशा शहरांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आणि बार्शीच्या खेड्यांत त्याहून पुष्कळ कमी दिसते. खेड्यातल्या माणसाचे राहणे-खाणे वेगळे, हे त्याचे एक कारण असू शकते. पण पीएसए तपासणी आणि मूत्ररोगाचे डॉक्टर शहरात आहेत, हेही कारण आहेच. जेथे दिवा नाही तेथे काही दिसत नाही, म्हणून तेथे काही नाही असे म्हणता येत नाही.

मरणाची नोंद तर त्याहून कच्ची. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी रीतसर कारण प्रमाणित केलेले मृत्यू शेकडा साडेबावीस होते. बाकीचे म्हातारपणाने, दम लागून, असेच गेले म्हणायचे. शिवाय राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या अहवालांत आकडे स्त्री-पुरुष, वय आणि भाग यांप्रमाणे येतात, जातीप्रमाणे येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जातींच्या बालमृत्यूचे आकडे वेगळे मिळतात, म्हणून त्यावर बोलता येते, भांडता येते. कृष्णवर्णीयांचे मरण दुप्पट आहे हे जगाला कळले, कारण तेथे ते वेगळे मोजले गेले. आपल्या वस्तीत कर्करोगाने किती पुरुष कोणत्या टप्प्यावर दवाखान्यात पोचतात, हे सांगणारे कोष्टक आपल्या हाती नाही. ही मागणी आपल्या संघटनांनी, आपल्या डॉक्टर मंडळींनी आणि लोकप्रतिनिधींनी केली पाहिजे.

मागणी मान्य होईपर्यंत घरी काय करावे?

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला लघवीची धार बारीक होणे, अडखळणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीत रक्त दिसणे, किंवा विश्रांती घेऊनही न जाणारी कंबर-पाठदुखी असे काही असेल, तर महिनोन्महिने वाट पाहू नये. पालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. डॉक्टर गुदद्वारातून बोटाने ग्रंथी तपासतात. त्याला एक-दोन मिनिटे लागतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी पूर्ण अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

काहीच त्रास नसताना पीएसए करावी काय? येथे आम्ही एक शब्दात हो म्हणणार नाही. युरोपात दीड लाखाहून अधिक पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीत २३ वर्षांनंतर तपासणीला बोलावलेल्या गटात या रोगाचे मृत्यू शेकडा १३ने कमी आढळले. पण एक मृत्यू टळण्यासाठी ४५६ जणांना बोलवावे लागले. अनेकांना न लागणारे उपचारही होतात, आणि त्यातून लघवीवरचा ताबा सुटणे किंवा नपुंसकत्व असे त्रास होऊ शकतात. अमेरिकेतही २०१२ साली तज्ज्ञ मंडळाने तपासणी नको म्हटले. त्यानंतरच्या वर्षांत पसरलेल्या अवस्थेत सापडणारे रोगी वाढले. २०१८ साली मंडळाने सल्ला बदलला : ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे. वडिलांना किंवा भावाला हा रोग झाला असेल, त्यांनी तर हे बोलणे आधीच करावे. पीएसए वाढली म्हणजे कर्करोगच, असे नव्हे. साध्या वाढीने आणि जंतुसंसर्गानेही ती वाढते.

निदान झालेच तर हात-पाय गाळू नयेत. लवकर सापडलेला रोग बरा होतो. काहींना तर नुसते लक्ष ठेवून चालते. पसरलेल्या रोगातही पुरुषी संप्रेरक थांबविले की तो पुष्कळ काळ आवरतो. हे १९४१ साली डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखविले आणि त्याबद्दल १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी इंजेक्शने आहेत, आणि ती परवडत नसतील तर एक छोटी, स्वस्त शस्त्रक्रियाही आहे. मुंबईत परळला टाटा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत निवडलेल्या रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला भेटावे. कागदपत्रांसाठी शिकलेल्या मुला-मुलींनी सोबत जावे.

आणि एक अवघड गोष्ट. घरात माणूस गेला, तर दुःखातही त्याचे दवाखान्याचे कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि मृत्यूचे खरे कारण लिहून घ्या. आपला माणूस त्या नकाशावर नीट उमटला, तर पुढच्या माणसासाठी दार उघडण्याचे कारण तयार होते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून आपल्याच मलमूत्रात पडला होता. कोणी त्याच्याजवळ जात नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला समजावले की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. तथागतांना ज्या गोष्टीची किळस वाटली नाही, त्या गोष्टीबद्दल बोलायची आपण लाज का धरावी?

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर पाच मिनिटे काढा. वस्तीतल्या एखाद्या डॉक्टरांना किंवा परिचारिका ताईंना बोलवा, आणि पन्नाशीवरच्या पुरुषांना पुढे बसवा. चटया आता काकांऐवजी दुसरे कोणी घालते. त्या चटयांवर बसणाऱ्यांपैकी कोणाची कंबर दुखत असेल, तर ती का दुखते हे यंदाच विचारा.

जयभीम!